ताटातलं नाव

“कुणाच्या नावानं लिहू?” टेलरनं कानामागची पेन्सिल काढत विचारलं.

“सीमा,” ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. लग्न आठवड्यावर आलेलं. शालूच्या ब्लाउजचं माप द्यायला मी मुद्दाम विट्याहून तासगावला आलेली. माझ्या सख्ख्या भावाची होणारी बायको, पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलेलं नाव तिलोत्तमा, आणि ही बया टेलरला बिनदिक्कत सीमा सांगते!

“सीमाताई, मंगळवारी न्या,” टेलर म्हणाला. हिनं मान डोलावली, पर्स काखेत मारली आणि चालायला लागली.

माझा स्वभाव तापट. आमची आई अजून म्हणते, वैजूला भात शिजेपर्यंतसुद्धा दम निघत नाही. मी तिला दुकानाबाहेर गाठलं आणि समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं. उन्हाचा कडाका होता, पण माझं डोकं उन्हानं तापलेलं नव्हतं.

“दोन रस, बिनबर्फाचे,” मी ओरडून सांगितलं आणि तिच्याकडे वळले. “हं, आता बोल. तुला नावं आहेत तरी किती?”

“एकच आहे, ताई.”

“मग त्याला सीमा का सांगितलंस? आमच्याशी लपवाछपवी करायची नाही हां. मी साफ सांगते, माझा भाऊ भोळा आहे, मी नाही.”

ती हसली. म्हणजे ओठ हसले, कान मात्र लाल झाले. मग म्हणाली, “माझं नाव मला म्हणता येत नाही.”

“म्हणजे?”

“बघा आता.” तिनं ग्लास बाजूला ठेवला, सरळ बसली आणि तोंड उघडलं. “माझं नाव ति… ति…”

आणि तिथंच सगळं थांबलं. जीभ दाताला लागलेली, ओठ ताणलेले, गळ्याची शीर वर आलेली, आणि आवाज नाही. रसवंतीवाला चरकाचं चाक सोडून बघायला लागला. मला कळेना काय करावं. मीच म्हणून टाकलं, “तिलोत्तमा, तिलोत्तमा! कळलं मला.”

तिचा श्वास सुटला. “हेच. कुणीतरी म्हणून टाकतं. बाकी सगळं बोलते मी. कधीतरी अडते, पण निभतं. नावाला मात्र हमखास अडते. म्हणून अनोळखी माणसाला सीमा सांगते. ‘स’ कसा घसरत येतो.”

मला एकदम बघण्याचा कार्यक्रम आठवला. आमच्या आईनं पोह्यांची बशी हातात घेऊन विचारलं होतं, “नाव काय गं बाळ तुझं?” आणि हिच्या आईनं आतूनच उत्तर दिलं होतं, “तिलोत्तमा हो! लाजते ती.” आम्ही सगळ्या जणी कौतुकानं हसलो होतो. आजकाल कुठं अशा लाजणाऱ्या मुली राहिल्यात, असं आई परतताना जीपमध्ये दोनदा म्हणाली होती.

“रणधीरला माहीत आहे?” मी विचारलं.

“पहिल्याच भेटीत सांगितलं त्यांना. म्हटलं, मी अडखळते, पसंत नसेल तर आत्ताच सांगा.”

“मग काय म्हणाला?”

“म्हणाले, मी घोरतो.”

मला हसू आवरेना. असलाच आहे आमचा रणधीर. पण त्यानं घरी अवाक्षर काढलं नव्हतं, त्याचा राग आलाच. घरी गेल्या गेल्या त्याला धारेवर धरलं. तो गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता, तशीच घालत राहिला.

“त्यात सांगण्यासारखं काय होतं, ताई? तिचं तिनं मला सांगितलं. तुम्हाला सांगायचं का नाही, तेही तिनंच ठरवायचं की.”



दोन दिवसांनी तिची आई विट्याला आली, एकटीच. काकू बिचारी साधी बाई. माझ्या आईचा डोळा चुकवून मला परसात घेऊन गेली आणि माझे हातच धरले.

“वैजूताई, तुम्हाला कळलंच आहे म्हणे. आता तुमच्या हातात आहे सगळं. तुमच्याकडे ताटात नाव लिहायची पद्धत आहे ना?”

होती. सगळीकडेच असते. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. पण आमच्या भावकीत एक जास्तीचं लचांड होतं. ताट नणंदेनं धरायचं, भर मांडवात सुनेला विचारायचं, “वहिनी, नाव काय तुमचं?” आणि सुनेनं ते नवं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं. मग नवऱ्यानं लिहायचं आणि पेढे वाटायचे. नाव सुचवायचा मानही नणंदेचाच.

“तर मग ‘स’वरून ठेवा,” काकू म्हणाली. “सविता, सरिता, कसलंही. एका झटक्यात सुटेल पोरगी. शाळेत नावापायी रडायची हो ती. बाई नाव पुकारायच्या, त्याला ‘हजर’ म्हणायची. पण नवीन बाई आल्या आणि नाव विचारलं की वर्गभर खिदळ. घरी येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची. मी बघितलंय ते. तिचं नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता देवानंच संधी दिली आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, काकू, काळजी सोडा. आणि खरंच वाटलं की झकास तोड निघाली. आईला तर नाव बदलायला हवंच होतं. तिचं एकच पालुपद, “तिलोत्तमा! एवढी लांबण लावून हाक मारेपर्यंत दूध उतू जाईल चुलीवर.” सविता म्हटल्यावर तिला आनंदच झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून आली.

लग्न तासगावला, हिच्याच घरापुढच्या मैदानात. आम्ही घरातल्या चार बायका हळदीला आदल्या दिवशीच पोचलो. मी तिला बाजूला घेऊन मोठ्या ऐटीत बातमी दिली, “सविता ठरवलं. म्हणून बघ.”

“सविता,” ती म्हणाली. एकदम सफाईनं, कुठंही न अडता. मग हातावरची ओली हळद बघत बसली.

“आवडलं नाही?”

“छान आहे नाव.”

“मग तोंड का असं?”

तेवढ्यात जेवणाचा कंत्राटदार दारात आला. उद्याच्या पंगतीचं विचारायला नवरीचा भाऊ हवा होता त्याला. हिला बघून सहज म्हणाला, “नवरीबाई ना तुम्ही? नाव काय तुमचं?”

मी तोंड उघडणार तोच तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. आणि स्वतः सुरुवात केली. “ति… ति…” तो माणूस आधी हसला, मग बावरला, मग भिंतीकडे बघायला लागला. ती रेटत होती. कपाळावर घाम आला. नाही निघालं. “असू दे, असू दे,” म्हणत तो पळालाच.

आता ही रडणार, हळदीच्या दिवशी रडणार. पण ती रडली नाही. तांब्यातलं पाणी प्यायली. मग हळदीचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, लहान लेकराला थोपटतात तसं दोनदा थोपटलं आणि स्वतःशीच म्हणाली, “असू दे. आज नाही आलं. येईल.”

मी थक्क. “हे काय करतेस?”

“सांगते. हसू नका मात्र.”

“नाही हसत.”

“मी बालवाडीत शिकवते, माहीत आहे ना तुम्हाला? गेल्या वर्षी एक पोरगी आली. गौराक्का नाव तिचं, चिमुरडी. माझ्यासारखीच. ग ग करत बसायची. मी तिच्यापुढं मांडी घालून बसायचे. म्हणायचे, येऊ दे गं तुझं तुझं, मी कुठं पळून चाललेय? शाळा सुटायची वेळ झाली तरी बसायचे. ती नाव म्हणाली की तिला कडेवर घेऊन नाचायचे. नाहीच आलं तरी घेऊन नाचायचे.”

“बरं, मग?”

“एकदा तिला नाचवून घरी निघाले. एसटीत शेजारच्या बाईनं नाव विचारलं. मी म्हटलं, सीमा. आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, नेहमीसारख्या. मूर्ख, मुकी, भुईला भार. रोजच घालायचे मी, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी कानात गौराक्काचं हसणं होतं. वाटलं, या शिव्या मी त्या पोरीला दिल्या असत्या का? तिला कुणी दिल्या असत्या तर मी त्याचा गळा धरला असता. त्या पोरीसाठी मी दुपारभर थांबते, आणि स्वतःसाठी कधी घोटभर पाणी पिऊन होईपर्यंतसुद्धा थांबले नाही, ताई.”

बाहेर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, कुणीतरी हिला हाका मारत होतं. ती उठली नाही.

“तेव्हापासून रोज कुणा ना कुणा अनोळखी माणसाला नाव सांगायचा प्रयत्न करते. बरेचदा जमत नाही. तुम्ही टेलरकडे बघितलंत, त्या दिवशी धीरच झाला नाही, सीमा सांगून मोकळी झाले. पण स्वतःला शिवी नाही दिली. तेवढं जमायला लागलंय.”

लग्नात माझं वैजयंताचं संगीता झालं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला काही विचारलं नव्हतं. पेढा खाल्ला आणि संगीता झाले. ही पोरगी मात्र जे नाव तिच्या गळ्यात अडकतं, तेच कवटाळून बसली होती.

“तुला सविता नको आहे,” मी म्हटलं.

“सविता सोपं आहे. पण मग मी जन्मभर पळालेच म्हणायचं. ताई, उद्या ताट धरून मला विचाराल तेव्हा माझंच नाव सांगू दे मला.”

“अगं पण मांडवभर माणसं असतील! नाही आलं तर?”

“तर नाही आलं. मी आहे ना माझ्याबरोबर.”

“आणि आईला काय सांगू मी? ती गल्लीभर सविता करून आली आहे!”

“ते तुम्ही बघा,” ती म्हणाली आणि खुदकन हसली. “नणंदेचा मान आहे तो.”

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आईला काही सांगितलं नाही, छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, विधी उरकले आणि ताट आलं. पितळेचं, काठोकाठ तांदळानं भरलेलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. रणधीर अंगठी घेऊन बसला. माझी आई शेजारी पेढ्यांचं खोकं उघडून तयार. काकू मागच्या खांबाला टेकून उभी, तोंडाला पदर लावून. बायका पुढं सरकल्या, पोरं खुर्च्यांवर चढली.

“विचार की गं वैजू,” आई म्हणाली. “खोळंबलेत सगळे.”

मी विचारलं, “वहिनी, नाव काय तुमचं?”

तिनं मान वर केली. मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या माणसांकडे.

“ति…” ती म्हणाली. आणि अडली.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग बायकांत कुजबुज उठली. माझ्या आईचा पेढा हातातच राहिला. “स म्हण, स,” ती पुटपुटली. “सविता ना?” मागून एक जण खिदळला. “नवरी लाजली, वाजवा रे!” कुणीतरी ओरडलं, आणि वाजंत्रीवाल्यानं खरंच पिपाणी तोंडाला लावली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की पिपाणी खाली आली.

“ति… ति…”

काकूला राहवलं नाही. खांब सोडून ती पुढं आली आणि रडवेल्या आवाजात ओरडली, “सविता! सविता नाव आहे हो तिचं! लिहा जावईबापू, सविता!”

रणधीरचा हात हलला नाही. अंगठी तांदळावर टेकवून तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला, जसं काही त्याला दुसरं काही कामच नव्हतं.

तिलोत्तमानं एक हात वर केला. “आई, थांब,” ती म्हणाली. हे अगदी स्वच्छ आलं. मग सगळ्या मांडवाकडे बघून म्हणाली, “मी बोलताना अडखळते. लहानपणापासून. नाव येतंय, वेळ लागेल. कुणाला घाई असेल तर पंगत मांडली आहे, जेवून घ्या.”

हशा झाला, पण निराळा. कुणी जागचं उठलं नाही. तिनं तोच हात छातीवर ठेवला आणि हळूच थोपटलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. पुन्हा सुरुवात केली. शीर वर आली, ओठ ताणले, आवाज गेला, परत आला, परत गेला. मी आयुष्यात कशासाठी इतकी थांबले नसेन. जीभ चावून धरली होती मी, नाहीतर तिचं नाव माझ्याच तोंडातून सुटलं असतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी तांदळात पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“ति… तिलो… तिलोत्तमा.”

एवढी मोठी हाक मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. काकू खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रणधीर लिहायला लागला. ति, लो, त्त… ताट संपलं तरी नाव संपेना. ‘मा’ त्यानं काठाला चिकटवून बारीक काढला. मी आईकडे बघितलं. आता काय बोलते कोण जाणे. आई ताटाकडे बघत होती, सुनेकडे बघत होती. मग म्हणाली, “मोठ्या ताटात लिहायला हवं होतं,” आणि हातातला पेढा हिच्या तोंडात घातला.

मांडवात टाळ्या पडल्या. वाजंत्रीवाल्यानं पिपाणी उचलली, आणि तेवढ्यात पार शेवटच्या रांगेतून आवाज आला.

“काय? काय म्हणाली पोरगी?”

आमच्या बापाचे चुलते, बापूअण्णा. ऐंशीच्या पुढचे, ठार बहिरे. काठीवर भार देऊन उभे राहिले होते. “मला काय ऐकू आलं नाही! नाव काय म्हणाली?”

कुणी अण्णांना खाली ओढायला लागलं, कुणी त्यांच्या कानाशी जायला लागलं. मीही बेंबीच्या देठापासून ओरडायला तोंड उघडलं, तर माझ्या मनगटावर मेंदीचा हात पडला.

“वन्सं,” ती म्हणाली. “मला विचारलंय.”

तिनं पेढा गिळला. पाटावरून उठली, शालू सावरला, शेवटच्या रांगेकडे तोंड केलं आणि श्वास घेतला.

“ति…”

अण्णांनी कानामागं हात धरला. आम्ही सगळे थांबलो.